अदृश्य गळतीचा हिशेब

डोळ्यांस न दिसणाऱ्या आणि मूळचा गंधही नसलेल्या मिथेनची गळती मोजावी कशी, याचा वस्तुपाठ कॅलिफोर्नियातील आलिसो कॅन्यन येथील भूमिगत वायुभांडाराने घालून दिला. ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथील एका विहिरीतून सुरू झालेली गळती फेब्रुवारी २०१६ मध्ये थांबेपर्यंत शास्त्रज्ञांनी विमानातून वाऱ्याच्या खालच्या अंगास वारंवार फेऱ्या घातल्या आणि हवेतील मिथेनचे वाढलेले प्रमाण व वाऱ्याचा वेग यांवरून सुमारे ९७,००० टनांचा हिशेब मांडला. मिथेन अवरक्त किरणांच्या विशिष्ट तरंगलांबी शोषून घेतो, या गुणधर्माच्या आधारे उपग्रहही आता हीच चौकशी अंतराळातून करतात. आणि अमेरिकेतील तेल-वायू उद्योगाची प्रत्यक्ष गळती सरकारी दप्तरातील अंदाजाहून सुमारे ६० टक्क्यांनी अधिक असल्याचे २०१८ च्या संशोधनाने दाखविल्यावर, कागदापेक्षा हवेची साक्षच अधिक ग्राह्य मानावी लागते.