भाड्याचे घर आणि पाण्याचा हिशेब

शहाजीराजांच्या जहागिरीमुळे बंगळूर हे नाव मराठी माणसाला परके नाही. त्या शहराच्या दक्षिणेस, तामिळनाडूच्या सीमेलगत आनेकल तालुका आहे. इलेक्ट्रॉनिक सिटी, बोम्मसंद्र, जिगणी येथील उद्योगांमुळे तेथे भाड्याची बिऱ्हाडे दाट वसली आहेत. बंगळूरला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून, शेकडो मीटर उंच चढवून आणावे लागते. ते जेथे पोहोचत नाही, तेथे कूपनलिका आणि टँकर हाच आधार. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, टँकरचे दर भडकले आणि पिण्याच्या पाण्याने मोटारी धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरला.

अशा वेळी भाडेकरूला काटकसरीचा उपदेश केला जातो. पण त्या काटकसरीचे फळ कोणाला मिळते? समजा, चार बिऱ्हाडे टँकरचा खर्च समान वाटून घेतात. एकाने ४०० रुपयांचे पाणी वाचवले, तर त्याच्या पदरी १०० रुपयेच पडतात. उरलेले ३०० शेजाऱ्यांच्या खिशात राहतात. उधळणाऱ्यालाही उधळपट्टीचा चौथा हिस्साच सोसावा लागतो. दोष स्वभावाचा नव्हे, वाटणीच्या पद्धतीचा आहे.

त्यावर उपाय म्हणजे दर बिऱ्हाडाला स्वतंत्र मीटर. गच्चीवरील टाकीतून प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा नळ उतरत असेल, तर एकेक मीटर पुरतो. न्हाणीघर व स्वयंपाकघर यांचे नळ निराळे उतरत असतील, तर अधिक लागतात. टँकरने आलेले पाणी आणि मीटरांची बेरीज यांत तफावत आढळली, तर गळती सामाईक भागात आहे असे समजावे. तिचा भार मालकाने उचलावा, म्हणजे दुरुस्तीही लवकर होईल.

घरातील गळतीही क्षुल्लक नसते. ठिबकत्या नळाखाली दहा मिनिटांत २०० मिलिलिटरचा पेला भरत असेल, तर महिन्याला सुमारे ८६० लिटर पाणी वाया जाते. शौचालयाच्या टाकीत थोडा रंग टाकावा. पाणी न सोडताही पाव तासात तो भांड्यात उतरला, तर झडप गळते आहे. नळाला हवा मिसळणारी जाळी बसविल्यास धार बारीक होते, पण काम अडत नाही.

मीटर कोणी बसवावा, नोंद कोणत्या तारखेस घ्यावी, दुरुस्ती कोणाकडे, हे भाडेकरारातच लिहून ठेवावे. पाण्याचा हिशेब चोख असला, म्हणजे काटकसरीसाठी उपदेशाची गरज उरत नाही, आणि शेजारधर्मही टिकतो.