कॅप राहिलेले पेशंट

दवाखाना चालवताना : भाग ५

खुर्ची, कंप्रेसर आणि जागेच्या भाड्याचा हिशेब मागच्या भागात मांडला. आता पुढचा प्रश्न : दाताचा दवाखाना थाटला, पेशंट कुठून आणायचे?

पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतो तो चौकातला फ्लेक्स. हा मोह आवरलेला बरा. भारतीय दंत परिषदेच्या २०१४च्या आचारसंहितेनुसार थेट किंवा आडवळणाने पेशंट ओढणं अनैतिक ठरतं. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, रजेनंतर काम पुन्हा सुरू केलं, अशा मोजक्या कारणांसाठीच वर्तमानपत्रात निवेदन देता येतं.

मग उरतं काय? आधी गूगलच्या नकाशावरची नोंद नीट करा. दाढ रात्री ठणकायला लागली की माणूस फोनवर जवळचा डेंटिस्ट शोधतो. दुपारी किती ते किती बंद, रविवारी चालू की नाही, लिफ्ट आहे का, हे तिथे अचूक हवं. चांगल्या अभिप्रायासाठी सवलत किंवा भेट देऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही. आणि कुणी वाईट लिहिलं, तर उत्तरात त्याच्या उपचारांचा पाढा वाचू नका.

खरी वाढ मात्र आपल्याच कपाटात पडून असते. रूट कॅनल झालं, ठणका थांबला, पेशंट कॅप बसवायला फिरकलाच नाही, असे केसपेपर काढून बघा. कॅपविना राहिलेली दाढ सुपारी फोडताना तडकू शकते. तडा मुळापर्यंत गेला तर ती काढावीच लागते. म्हणजे त्याला बोलावण्यात त्याचंही भलं आणि दवाखान्याचंही. नोंदी साध्या सॉफ्टवेअरमध्ये असतील तर अशा पेशंटची यादी मिनिटभरात निघते. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच : 'नमस्कार काकू, तुमच्या दाढेचं थोडं काम बाकी आहे. गुरुवारी संध्याकाळी ६ला याल का?' घरात एकच फोन चौघं वापरतात. म्हणून कोणत्या नंबरवर कळवायचं आणि काय लिहिलेलं चालेल, हे केसपेपर करतानाच विचारून घ्यावं. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३च्या कायद्याचा रोखही संमतीवरच आहे.

यंत्रांचंही तसंच : पेशंटचंही भलं आणि दवाखान्याचंही, असंच यंत्र आधी घ्या. पहिला खर्च आरव्हीजीवर करा. तोंडात छोटा सेन्सर धरला की काही सेकंदांत एक्स-रे पडद्यावर येतो. 'हा काळा डाग म्हणजे कीड, आणि ही खाली नस. मध्ये एवढंच अंतर उरलंय,' असं बोट ठेवून दाखवलं की 'डॉक्टर उगाच खर्चात पाडतात' ही शंका बरीचशी विरते. एक्स-रे मशीनची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी तेवढी विसरू नका. एका बैठकीत कॅप बनवणाऱ्या तंत्राची सुरुवात झ्युरिकमध्ये १९८५ सालीच झाली, पण ते महागडं असल्यामुळे सगळ्यांनी धावायची गरज नाही. महिन्याला किती कॅप लागतात ते मोजा. यंत्राचा हप्ता त्यातून सुटत नसेल तर लॅबच बरी.

एक सवय आजपासून लावा. नव्या पेशंटला रिसेप्शनवर 'कुणी सांगितलं आमच्याबद्दल?' असं विचारून उत्तर केसपेपरवर टिपून ठेवा. तीन महिन्यांनी त्या नोंदी चाळल्या की पुढचा पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही, ते कळेल.

(पुढील भागात : उपचारांचे दर आणि हप्त्यांची सोय)