दान केलेले फुफ्फुस वाया का जाते ?

नेत्रदानाची कल्पना आता आपल्या खेडोपाडी अनोळखी राहिलेली नाही. घरी मृत्यू घडला, डॉक्टरांस निरोप गेला आणि सहा तासांच्या आत नेत्रपटल काढून घेतले गेले, इतके ते काम सरळ असते. त्यामुळे मूत्रपिंड, यकृत, हृदय वा फुफ्फुस यांचे दानही याच रीतीने करता येईल, असा पुष्कळांचा समज झालेला आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. मरणोत्तर दान होणारी ही इंद्रिये आपल्या देशात जवळजवळ सर्वस्वी अशाच व्यक्तीकडून मिळतात, जिचा मेंदू मृत झाला आहे, परंतु जिचे हृदय अतिदक्षता विभागातील कृत्रिम श्वसनयंत्राच्या आधारे काही काळ धडधडत आहे. आणि या सर्व इंद्रियांत फुफ्फुस हे सर्वांत नाजूक. पुढारलेल्या देशांतही पुष्कळ वर्षे असा अनुभव होता की, शंभर दात्यांमागे अवघ्या पंधरा ते वीस जणांची फुफ्फुसे उपयोगी पडत. एखाद्या कुटुंबाने ऐन दुःखाच्या क्षणी संमती द्यावी आणि तरीही फुफ्फुसे नाकारली जावीत, ही चटका लावणारी गोष्ट आहे. तिची कारणे समजावून घेण्यासारखी आहेत, कारण त्यांतील कित्येक टाळता येतात.

प्रथम कायद्याचे पाहू. ‘मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम’ संसदेने १९९४ साली संमत केला. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधानमंडळांनी तसे ठराव केल्यामुळे हा कायदा होऊ शकला आणि प्रारंभी तो याच तीन राज्यांस व केंद्रशासित प्रदेशांस लागू झाला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. या कायद्याने ‘मस्तिष्कस्तंभ मृत्यू’ हा मृत्यू म्हणून मान्य केला. मेंदूच्या तळाशी असलेला हा स्तंभ श्वासोच्छ्वासाचे व शुद्धीचे मूलस्थान होय. तो एकदा मृत झाला की मनुष्य पुन्हा स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही.

“छाती वरखाली होते आहे, अंग ऊन आहे, मग मेला कसे म्हणता ?” हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो, आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर डॉक्टर एका चाचणीने मिळवितात. रक्तात प्राणवायू भरपूर भरून श्वसनयंत्र काही मिनिटे थांबविले जाते. जिवंत मेंदूच्या माणसात रक्तातील कार्बन-डाय-ऑक्साइड वायू वाढू लागला की श्वासाची ओढ अनिवार होते. आपण पाण्याखाली बुडी मारली असता तिचा अनुभव घेतोच. मस्तिष्कस्तंभ मृत झालेल्या व्यक्तीत हा वायू ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तरी छातीचा एक स्नायूही हलत नाही. ही व इतर चाचण्या निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. त्यांवर चार डॉक्टरांच्या सह्या होतात आणि त्या चौघांत प्रतिरोपण करणारा एकही डॉक्टर असता कामा नये, असा दंडक आहे. अवयवांची खरेदी-विक्री हा पाच ते दहा वर्षांच्या कारावासाचा अपराध आहे. रस्त्यावरील अपघातात मृत्यू आला असेल आणि पोलीस चौकशी व शवचिकित्सा आवश्यक असेल, तरीही संबंधित अधिकाऱ्यांच्या संमतीने दान होऊ शकते.

मृत्यू व शस्त्रक्रिया यांमधील तास

मेंदू मृत होताना शरीरात एक वादळ उठते. रक्तदाब क्षणात भडकतो, फुफ्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांवर ताण येतो आणि त्यांतून द्रव पाझरून वायुकोशांत साचू लागतो. पाठोपाठ रक्तदाब कोसळतो. मेंदूतून येणारा एक अंतःस्राव बंद पडल्याने लघवी अतोनात होते. अपघाताच्या वेळी ओकारी वा रक्त श्वासनलिकेत गेले असेल तर तेथे जंतूंना थारा मिळालेला असतोच. त्यात श्वसनयंत्राची नळी जितके दिवस घशात, तितका न्युमोनियाचा धोका अधिक.

अशा स्थितीत डॉक्टरांपुढे एक पेच उभा राहतो. रक्तदाब सावरण्यासाठी सलाईन सढळ हाताने दिले तर मूत्रपिंडे खूश राहतात. पण तेच पाणी फुफ्फुसांत उतरते. मूत्रपिंडास ओल हवी आणि फुफ्फुसास कोरडेपणा, असा हा एका घरातील दोन भावांचा तंटा आहे ! तो सोडविण्याचा मार्ग असा की, सलाईन मोजून द्यावयाचे, आटलेल्या अंतःस्रावाची उणीव व्हॅसोप्रेसिन या औषधाने भरून काढावयाची म्हणजे लघवीही आवरते व रक्तदाबही सावरतो, आणि सूज ओसरावी म्हणून स्टिरॉइड द्यावयाचे. खाटेची उशाकडील बाजू उचललेली असावी, नळीतील कफ वेळोवेळी शोषून काढावा, दुर्बिणीने श्वासनलिका आतून पाहावी. यांतील पहिली दोन परिचारिकेच्या नित्याच्या कामांतील कामे आहेत. त्यांत यंत्रापेक्षा जागरूकता अधिक लागते.

श्वसनयंत्राचेही तसेच आहे. पूर्वी मृत दात्याच्या छातीत यंत्राने मोठमोठे श्वास भरण्याची रीत होती. इटली व स्पेनमधील रुग्णालयांनी ११८ दात्यांवर एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या दात्यांना जुन्या रीतीने मोठे श्वास दिले. उरलेल्या निम्म्यांना लहान श्वास दिले, श्वास सोडतानाही वायुकोश मिटू नयेत एवढा दाब छातीत राखला, आणि वर सांगितलेल्या चाचणीच्या वेळीही तो दाब सुटू दिला नाही. पहिल्या गटातील ५९ पैकी १६ दात्यांची फुफ्फुसे घेता आली, तर दुसऱ्या गटातील ५९ पैकी ३२ जणांची. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. हाताशी असलेल्या यंत्राची खुंटी निराळ्या रीतीने फिरविली आणि फळ दुप्पट झाले. जिल्हा रुग्णालयांच्या अधिकाऱ्यांनी या एका आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते.

फुफ्फुस घेण्यायोग्य आहे की नाही हे छातीचे क्ष-किरण चित्र, दुर्बिणीची तपासणी आणि रक्तातील प्राणवायूचे मान यांवरून ठरते. दात्यास शुद्ध प्राणवायू दिला असता धमनीतील रक्तात त्याचा दाब ३०० मिलिमीटरांच्या वर असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. शिवाय रक्तगट जुळावा लागतो आणि मापही. उंच माणसाचे फुफ्फुस ठेंगण्या माणसाच्या छातीत दाटीवाटीने बसविले तर ते फुलत नाही.

बर्फातील प्रवास

फुफ्फुस काढण्यापूर्वी त्याच्या रक्तवाहिनीतून चार अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेले खास द्रावण सोडून आतील रक्त धुऊन काढतात. मग एक विशेष गोष्ट करतात, जी दुसऱ्या कोणत्याही इंद्रियाच्या बाबतीत संभवत नाही : फुफ्फुस हवा भरलेल्या अर्धवट फुललेल्या स्थितीतच बांधून बाहेर काढतात. वायुकोशांतील तो प्राणवायू वाटेत त्यास शिदोरीसारखा पुरतो. नंतर एकात एक अशा निर्जंतुक पिशव्यांत घालून ते बर्फाच्या पेटीत ठेवले जाते. गोठू मात्र द्यावयाचे नसते.

येथून सहा ते आठ तासांत ते दुसऱ्या छातीत रक्ताशी जोडले जावे, हा जुना नियम. देशात फुफ्फुसारोपणाची केंद्रे मोजकी असून त्यांत चेन्नई व हैदराबाद ही प्रमुख आहेत. म्हणजे बांबोळीहून दाबोळी वा मोपा विमानतळ, तेथून विमान आणि पुन्हा त्या शहरातील रस्ता, हे सर्व या तासांत बसवावे लागते. वाहतूक थोपवून रुग्णवाहिकेसाठी मोकळा केलेला रस्ता, ज्यास ‘ग्रीन कॉरिडॉर’ म्हणतात, तो याचसाठी असतो. इंदूरच्या नागरिकांस तर हे दृश्य आता परिचयाचे झाले आहे. कोणते इंद्रिय कोणास, हे मात्र रुग्णालयाने परस्पर ठरवावयाचे नसते. ते प्रतीक्षायादीवरून राज्याची व विभागाची प्रतिरोपण संघटना ठरविते. गोवा, महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश यांसाठीचे विभागीय कार्यालय मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात आहे.

अलीकडच्या संशोधनाने वेळेची ही कात्री थोडी सैल केली आहे. स्वीडनमधील लुंड येथे स्टिग स्टीन यांनी २००० साली एक फुफ्फुस शरीराबाहेर पारखून मग त्याचे आरोपण केले. कॅनडातील टोरांटो येथे शफ केशवजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून ही पद्धत पुढे नेली. काचेसारख्या पारदर्शक घुमटाखाली फुफ्फुस ठेवावयाचे, शरीराच्या उष्णतेइतके ऊन द्रावण त्यातून खेळवावयाचे, यंत्राने त्यास हलका श्वास द्यावयाचा आणि चार-सहा तास त्याची वर्तणूक पाहावयाची. संशयित म्हणून टाकून दिली गेली असती अशी कित्येक फुफ्फुसे या कसोटीस उतरली. टोरांटोच्याच संशोधकांनी २०२१ साली दाखविले की, चार अंशांऐवजी दहा अंशांवर ठेवलेले फुफ्फुस अधिक काळ चांगले टिकते. बर्फाहून किंचित उबदार ठिकाण त्यास मानवते, हे कोणाच्या फारसे ध्यानातच आले नव्हते !

नव्या छातीत

माणसावरील पहिले फुफ्फुसारोपण अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जेम्स हार्डी यांनी ११ जून १९६३ रोजी केले. रुग्ण अठरा दिवस जगला. पुढील वीस वर्षांत जगभर असे काही डझन प्रयत्न झाले व जवळजवळ सर्व फसले. श्वासनलिकेचा सांधा उकलत असे, नाही तर शरीर परके फुफ्फुस नाकारीत असे. सायक्लोस्पोरिन हे बुरशीपासून मिळालेले औषध हाती आल्यावर १९८३ साली टोरांटो येथे जोएल कूपर यांस दीर्घकाळ टिकणारे यश लाभले. तो रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला.

ज्यांची फुफ्फुसे तंतुमय होऊन कडक झाली आहेत किंवा धूम्रपानादी कारणांनी पोकळ व निकामी झाली आहेत, आणि ज्यांना अन्य उपाय उरलेला नाही, त्यांच्यासाठीच ही शस्त्रक्रिया आहे. यादीवरील रुग्णानेही आपली तयारी करावयाची असते : तंबाखू पूर्ण वर्ज्य, वजन बेताचे, लसी वेळेवर, आणि प्राणवायूची नळी नाकाला असतानाही रोजचे चालणे. पायांतील बळ गेलेला रुग्ण शस्त्रक्रियेनंतर यंत्रावरून लवकर सुटत नाही.

पहिले तीन दिवस कसोटीचे. दात्यापाशी जो नियम, तोच येथेही : सलाईन मोजून, श्वास लहान. या काळात नवे फुफ्फुस पाण्याने भरून जाण्याचा संभव असतो. पुढेही एक अडचण आयुष्यभर राहते. शस्त्रक्रियेत वाहिन्या जोडल्या जातात, मज्जातंतू नव्हे. त्यामुळे सांध्याखाली कफ साचला तरी रुग्णास खोकल्याची उबळ येत नाही. वेळ लावून, जाणूनबुजून त्यास खोकावे लागते.

शरीराने फुफ्फुस नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. बहुधा टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट व प्रेडनिसोलोन ही तीन. मूत्रपिंड वा यकृत शरीरात झाकलेले असते. फुफ्फुस मात्र प्रत्येक श्वासागणिक बाहेरच्या धुळीशी व जंतूंशी गाठ घेते. म्हणून कुजलेला पेंढा, शेणखताची रास, जुन्या घराची पाडापाड यांपासून अशा रुग्णाने दूर राहावे, कारण तेथे बुरशीचे बीज उडत असते. गावच्या डॉक्टरांनी केंद्रास विचारल्यावाचून त्यास नवे औषध देऊ नये. क्षयावरील रिफॅम्पिसिनने टॅक्रोलिमसचे रक्तातील मान घसरते, तर क्लॅरिथ्रोमायसिनने ते धोकादायक चढते. पपनसासारखे फळही वर्ज्यच. घरी रोज फुंकून पाहण्याचे छोटे यंत्र मिळते. त्यावरील आकडा नेहमीपेक्षा दहा टक्क्यांनी उतरला, तर ताप वा दम नसला तरी त्याच दिवशी केंद्रास कळवावयाचे.

इतके करूनही, २०१० ते २०१७ या काळात जगात ज्यांच्यावर आरोपण झाले त्यांच्यापैकी निम्मे लोक सुमारे पावणेसात वर्षांच्या पुढे गेले, निम्मे त्याआधीच गेले. हळूहळू लहान श्वासनलिका बुजत जाण्याचा जो विकार यास मुख्यतः कारण होतो, त्यावर खात्रीचा उपाय अद्याप सापडलेला नाही. त्याचा संशय प्रथम येतो तो घरातील त्या छोट्या यंत्रावरील आकड्यावरूनच, आणि म्हणून रुग्णाने तो रोज वहीत लिहून ठेवावयाचा असतो.