खनिज तेलाची विहीर

जमिनीच्या पोटांत तेलाचें तळें असतें व तें उपसून काढतात, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाहीं. मुरमांत जसें पाणी, तसें हें तेल खडकाच्या बारीक छिद्रांत असतें. आपला रॉकेल हा शब्दच ‘रॉक ऑइल’ यावरून आलेला. तेव्हां नांवांत दगड आहेच.

समुद्रांतील सूक्ष्म वनस्पति व जीव यांचे अवशेष गाळाबरोबर तळाशीं बसले. हवा न मिळाल्यामुळें ते पुरते कुजले नाहींत. वर थर चढत जाऊन दाब व उष्णता वाढली, आणि कोट्यवधि वर्षांत त्यांचें तेलांत व वायूंत रूपांतर झालें. तेल पाण्याहून हलकें. तें खडकाच्या सांदींतून वर सरकतें, व घट्ट खडकाचें झांकण आडवें आलें म्हणजे त्याखालीं अडकून राहतें.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरवर मुंबई हाय हें असेंच क्षेत्र आहे. तेथें तळाखालच्या चुनखडींत १९७४ सालीं ‘सागर सम्राट’ या यंत्रनौकेस तेल लागलें व १९७६ पासून तें निघूं लागलें. विंधतांना नळीच्या टोकाचें पातें खडक कापीत जातें. नळींतून सोडलेला पातळ चिखल चुरा वर आणतो व खालून येणारा जोर दाबून धरतो. आरंभीं तेल आपल्या जोरानें वर येतें. पुढें जोर ओसरला कीं खडकांत पाणी दाबानें घालून तें रेटावें लागतें. आपली विहीर मृगाच्या पावसानें पुन्हां भरते. ही भरत नाहीं. देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं चार पंचमांशांहून अधिक बाहेरून येतें, म्हणून दूरच्या युद्धाची झळ आपल्या एंजिनाच्या खर्चास लागते.

कच्चें तेल तापवून उंच मनोऱ्यांत सोडतात. तेथें पेट्रोल सर्वांत वर, मग रॉकेल, त्याखालीं डिझेल असे भाग निवळतात. तळच्या जड भागापासून वंगण व डांबर मिळतें. स्वस्त म्हणून डिझेलांत रॉकेल मिसळण्याची चाल कोठें कोठें होती, ती वाईटच. रॉकेलांत वंगणाचा गुण कमी, त्यामुळें इंधनाचा पंप लवकर झिजतो.

तेलाबरोबर निघणारा वायु समुद्रतळावरील नळानें उरणास येतो. त्यांतील हायड्रोजन व हवेंतील नायट्रोजन यांच्या संयोगानें अमोनिया होतो, व अमोनियापासून युरिया. अलिबागेजवळील थळचा खतकारखाना १९८० नंतरच्या दशकांत याच वायूच्या आधारावर उभारला गेला.