समुद्राला पडलेला केवडा

चुनखडीच्या जमिनीतला ऊस किंवा भुईमूग कधी कधी पिवळा पडतो. पानाच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. आपण म्हणतो, केवडा पडला. मग जाणता माणूस सांगतो, नुसता युरिया टाकून भागणार नाही, हिराकस फवारा. असाच केवडा समुद्रालाही पडतो म्हटले तर घरची मंडळी हसतील! पण गोष्ट खरी आहे.

समुद्रात जिथवर ऊन पोचते तिथवर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात. पाण्यात विरघळलेला कर्बवायू घेऊन त्या उन्हाच्या बळावर अन्न तयार करतात, तुमच्या पिकासारखेच. पृथ्वीवर या मार्गाने जेवढे अन्न तयार होते, त्यातले जवळजवळ निम्मे यांचे.

अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नत्र, स्फुरद मुबलक आहे. तरी तिथे प्लवकांचे पीक विरळच. कारण लोह नाही. समुद्राला ते बरेचसे जमिनीवरून उडालेल्या धुळीतून मिळते, आणि इथे जमीन फार दूर. लोहावाचून हरितद्रव्य नीट तयार होत नाही, आणि समोर असलेले नायट्रेटही वापरता येत नाही.

मग लोह घातले तर? प्लवके वाढतील, कर्बवायू शोषतील, मरून तळाला जातील आणि तापत चाललेल्या हवेतला तेवढा कर्बवायू कमी होईल, अशी पुष्कळांना आशा होती. २००९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर हे करून पाहिले. प्रयोगाचे नाव लोहाफेक्स. त्यातला 'लोहा' आपल्याकडचाच. समुद्रात असे काही ओतावे का, यावरून जर्मनीत ओरड झाली आणि जहाज निघाल्यावर काम काही दिवस अडले. शंका रास्तच होती. समुद्राला बांध थोडाच असतो! अखेर परवानगी मिळाली. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात दोनदा, दर खेपेस दोन टन लोह मिळेल इतकी हिराकस सोडली आणि ३९ दिवस पाहणी केली.

पाणी हिरवे झाले. पण वाढली ती बारीक, मऊ प्लवके, आणि त्यांच्यावर कोळंबीच्या गोतातले चिमुकले जीव तुटून पडले. तळाकडे जाणारा कर्ब काही वाढला नाही. तो खाली नेण्याचे काम चांगले करतात ती डायटम नावाची प्लवके. त्यांचे कवच सिलिकेचे. उसाचे पाते हाताला कापते, त्याच्या धारेतही हीच सिलिका असते. आणि त्या पाण्यात ती फारशी उरलेलीच नव्हती.