विश्लेषण : व्हिक्टोरिया राणीच्या काळात कर्जतच्या कातकऱ्यांचे घर कसे चालायचे?

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरान ‘शोधले’, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडते. त्याच डोंगराखालच्या, कर्जत-खालापूरच्या वाड्यांमध्ये तेव्हा चूल कशी पेटत होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

घरात काय असे?

कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणामातीचा लेप, वर गवताचे छप्पर. आत मातीची मडकी, सूप, टोपल्या आणि कोयता. सामान कमी असण्याचे कारण केवळ गरिबी नव्हते. पावसाळा सरला की बिऱ्हाड उचलून जंगलात मुक्कामाला जायचे असे.

खायला काय?

नाचणी, वरी. ते संपले की कडूकंद. तो उकडून, पाण्यात ठेवून कडूपणा घालवावा लागे, म्हणजे एका जेवणासाठी दिवस मोडे. ओहोळातले मासे, पहिल्या पावसातले मुठे आणि शेतातले उंदीर. बीळ खणले की उंदीर मिळेच, शिवाय त्याने साठवलेले भातही हाती लागे. ‘उंदीर खाणारे’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हा हिशेब ठाऊक नसतो. (त्याच काळात स्कॉटलंडमधल्या शेतमजुरांना मजुरीचा काही भाग ओटचे पीठ आणि बटाट्यांच्या रूपात मिळे. इथे ती सोयही नव्हती. जंगल हेच कोठार.)

रोख पैसा कुठून येई?

कातातून. जमातीचे नावच त्यावरून पडले. खैर तोडायचा, साल आणि बाहेरचे पांढरे लाकूड काढून टाकायचे, आतल्या लाल गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या. ते पाणी आटून घट्ट झाले की वड्या पाडायच्या. पानात रंगणारा कात तो हाच.

मग बिघडले कुठे?

१८५६ ते १८६३ दरम्यान बोरघाटातून रेल्वे नेली गेली. एका टप्प्यावर तिथे ४० हजारांहून अधिक मजूर होते. रेल्वेला आणि मुंबईला लाकूड हवे होते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात झाड तोडणे गुन्हा ठरले आणि काताचा धंदा बसला. भाताच्या रोपांसाठी फांद्या-पाचोळा जाळून करायच्या ‘राबा’वरही निर्बंध आले. त्यावर ठाणे, कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. पण राबाची तक्रार मुख्यतः शेतकऱ्यांची होती. जमीनच नसलेल्या कातकऱ्याला उरले ते कोळशाच्या भट्ट्या, दुसऱ्याच्या खाचरातली मजुरी आणि बाजारात विकायची लाकडाची मोळी. ही मोळी बहुधा बाईच्या डोक्यावर असे.

आज याचा संबंध काय?

वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या घराकडे कागद कुठून असणार? मात्र या कायद्याच्या नियमांनुसार पुरावा म्हणून सरकारी गॅझेटियरही चालते. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते आणि १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये कातकऱ्यांची नोंद आहे.