मुरलेल्या तंत्रज्ञानाचे बळ

संवेदकांविषयी बोलण्यासाठी गेल्या वर्षी एका शाळेत जाण्याचा योग आला. सोबत निन्टेन्डो कंपनीच्या 'वी' या खेळयंत्राचा जुना रिमोट नेला होता. त्यातला त्वरणमापक कसा चालतो हे मुलांना सांगावे, एवढाच हेतू होता. पण दहावीतल्या एका मुलाने गाडी भलत्याच रुळावर नेली. त्याने विचारले, "सर, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांची यंत्रे याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहेत, कंपन्याही मोठ्या आहेत. मग निन्टेन्डो अजून बुडाली कशी नाही? आणि पुढे बुडेल का?"

प्रश्न वरवर धंद्याचा आहे. पण त्याच्या उत्तराचा बराच भाग पदार्थविज्ञानात सापडतो, म्हणून तो येथे जरा सविस्तर घेत आहे.

आधी आकारमान पाहू. निन्टेन्डो ही क्योटो शहरातली कंपनी १८८९ साली पत्ते बनवण्यासाठी सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये संपलेल्या वर्षातली तिची विक्री सुमारे १.६७ लाख कोटी येन, म्हणजे अंदाजे १,१५० कोटी डॉलर होती. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टची वार्षिक उलाढाल सुमारे २४,५०० कोटी डॉलर होती. मायक्रोसॉफ्टने २०२३ साली व्हिडिओ गेम तयार करणारी एक कंपनी विकत घेतली, तिच्यासाठीच सुमारे ६,९०० कोटी डॉलर मोजले. निन्टेन्डोच्या सहा वर्षांच्या विक्रीइतकी ही रक्कम झाली. अशा प्रतिस्पर्ध्याशी 'आमची चिप अधिक वेगवान' या मुद्द्यावर झुंजणे म्हणजे हत्तीशी वजनाची पैज लावण्यासारखे आहे.

निन्टेन्डोने ही पैज बहुतेक वेळा लावलीच नाही. तिच्या या धोरणामागे गुनपेई योकोई या अभियंत्याचा मोठा वाटा आहे. १९६५ साली तो पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी कंपनीत लागला. रिकाम्या वेळात त्याने लांबवता येणारा चिमट्यासारखा एक हात बनवला होता. तो मालकाच्या नजरेस पडला, खेळणे म्हणून बाजारात आला आणि उदंड खपला. योकोईचे एक सूत्र पुढे प्रसिद्ध झाले. त्याचा शब्दशः अर्थ 'सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार' असा होतो. 'सुकलेले' हा शब्द आपल्याला निकामी वाटेल, पण जपानी अभियंत्यांच्या बोलण्यात त्याचा अर्थ वेगळा आहे. ज्याच्या खोडी सर्वांना कळून चुकल्या आहेत, जे स्वस्त झाले आहे आणि भरवशाचे आहे, असे तंत्रज्ञान. आपण लोणच्याबद्दल 'मुरलेले' म्हणतो ना, अगदी तसे. असे मुरलेले तंत्रज्ञान, ज्यासाठी ते जन्माला आले त्यापेक्षा निराळ्याच कामाला लावायचे, हे ते सूत्र.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९८९ सालचा 'गेम बॉय'. खिशात मावणाऱ्या या यंत्राचा पडदा हिरवट, त्यावर १६० गुणिले १४४ ठिपके, आणि छटा फक्त चार. त्याच वर्षी अटारीने आणि पुढच्या वर्षी सेगाने रंगीत पडद्याची यंत्रे आणली. शेजारी ठेवली तर गेम बॉय अगदीच केविलवाणा दिसे. पण रंगीत द्रवस्फटिकाच्या पडद्यामागे दिवा लावावा लागतो, आणि विजेचा मोठा वाटा हा दिवाच खातो. गेम बॉयचा पडदा बाहेरून पडणारा उजेडच परत फेकत असे, दिवा नव्हताच.

येथे विद्यार्थ्यांकडून एक गणित करून घेता येईल. पेन्सिल सेल म्हणून आपल्याकडे मिळणाऱ्या अल्कलाइन सेलमध्ये ढोबळमानाने ३ वॉट-तास ऊर्जा असते. गेम बॉयला चार सेल लागत, म्हणजे १२ वॉट-तास. यंत्र सुमारे १५ तास चाले. म्हणजे शक्ती झाली ०.८ वॉट. सेगाच्या 'गेम गिअर'मध्ये सहा सेल, म्हणजे १८ वॉट-तास, आणि ते चाले जेमतेम चार तास. शक्ती ४.५ वॉट. पाचपटीहून अधिक फरक! (जास्त प्रवाह ओढला की सेल आपली सगळी ऊर्जा देत नाही, हेही मुलांना सांगावे, त्यामुळे खरा फरक याहून थोडा कमी असेल.) सेल विकत घेणारा बाप हे गणित कागदावर करत नसला, तरी खिशात करतोच. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११.८७ कोटी यंत्रे खपली. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला.

आमच्या लहानपणी गल्लीत तासाच्या भाड्याने मिळणारे 'टीव्ही गेम' आठवतात? त्यांतले बरेचसे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या यंत्राच्या नकला होत्या. त्या यंत्राचा प्रोसेसरही १९७५ सालच्या एका स्वस्त चिपच्या रचनेवर बेतलेला होता. म्हणजे मुरलेलाच.

आता त्या रिमोटकडे येऊ. २००१ साली निन्टेन्डोने 'गेमक्यूब' आणला आणि तेथे मात्र ती ताकदीच्या शर्यतीत उतरली. निकाल असा : सोनीचा 'प्लेस्टेशन २' पंधरा कोटींहून अधिक, गेमक्यूब २.१७ कोटी. त्याच वर्षी सेगाने यंत्रे बनवणे कायमचे सोडले. निन्टेन्डोचेही तेच होणार, असे जाणकार बोलू लागले. सातोरू इवाता हे तेव्हाचे नवे अध्यक्ष. २००६ साली त्यांच्या कारकिर्दीत 'वी' बाजारात आले. त्याचा प्रोसेसर म्हणजे गेमक्यूबच्याच प्रोसेसरची थोडी वाढवलेली आवृत्ती. नवीन होता तो रिमोट, आणि त्यातला त्वरणमापकही खरे तर मुरलेलाच. मोटारीची धडक ओळखून हवेची पिशवी फुगवण्यासाठी अशा चिपा १९९० च्या दशकापासून लाखोंनी बनत होत्या.

या चिपेत सिलिकॉनचाच कोरलेला एक सूक्ष्म ठोकळा असतो. तो केसाहून कितीतरी बारीक अशा सिलिकॉनच्या स्प्रिंगांवर टांगलेला असतो. ठोकळ्याला कंगव्यासारखे दाते असतात आणि ते स्थिर दात्यांच्या मध्ये अडकवलेले असतात. शेजारशेजारचे दोन दाते मिळून एक कपॅसिटर होतो. रिमोटला झटका दिला की जडत्वामुळे ठोकळा मागे राहतो, दात्यांमधले अंतर बदलते आणि धारकता बदलते. हा बदल मोजला की त्वरण कळते. बसने गचका दिल्यावर आपण मागे कलंडतो, तोच न्यूटनचा नियम. मात्र एक अडचण आहे. रिमोट तिरका धरला आहे की हलवला जात आहे, हे नुसत्या त्वरणमापकाला ओळखता येत नाही, कारण गुरुत्वाकर्षण आणि त्वरण त्याला सारखेच जाणवतात. आइन्स्टाइनचे समतुल्यतेचे तत्त्व येथे खेळण्यात भेटते. म्हणूनच २००९ साली रिमोटला भ्रमणमापकाची जोड द्यावी लागली.

'वी' २५० डॉलरला मिळे, तर सोनीचा 'प्लेस्टेशन ३' ५०० किंवा ६०० डॉलरला, आणि तोही सुरुवातीला तोटा सोसून. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स ३६०'ने तर न मुरलेल्या तंत्रज्ञानाची किंमत फार स्पष्ट दाखवली. चिप तापणे आणि निवणे वारंवार घडल्यामुळे तिच्याखालचे बारीक सांधे तडकत आणि यंत्र बंद पडे. २००७ साली कंपनीला दुरुस्तीसाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. अखेर 'वी' १०.१६ कोटी खपले. बाकी दोघे साडेआठ कोटींच्या आसपास राहिले.

ताकदीच्या शर्यतीला आणखी एक मर्यादा आहे, ती आपल्या डोळ्याची. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतक्या कोनातले दोन ठिपके वेगळे दिसतात. तीन मीटरवरून हे अंतर ०.८७ मिलिमीटर होते. पन्नास इंची टीव्हीची रुंदी सुमारे ११० सेंटिमीटर असते. आडवे १,२८० ठिपके असतील तर एक ठिपका ०.८६ मिलिमीटरचा. म्हणजे आपण मर्यादेवर येऊन पोहोचलोच! १,९२० ठिपक्यांना तो ०.५८ आणि ३,८४० ना ०.२९ मिलिमीटर. तीक्ष्ण नजरेच्या माणसाला किंवा टीव्हीजवळ बसणाऱ्याला थोडा फरक कळेल, पण ठिपके चौपट करण्यासाठी मोजलेले पैसे चौपट आनंद देत नाहीत.

इतके ऐकून तो मुलगा म्हणाला, "मग ही कंपनी बुडणारच नाही." येथे मला त्याला थांबवावे लागले. मुरलेले तंत्रज्ञान स्वस्त असते ते सर्वांसाठीच. 'वी' पाहून सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०१० साली अंगाची हालचाल टिपणारी आपापली साधने आणली. त्याआधीच त्वरणमापक मोबाइल फोनमध्ये शिरला होता. जी गोष्ट प्रत्येकाच्या खिशात आहे तिचे नवल किती दिवस राहणार? योकोईचा स्वतःचा 'व्हर्च्युअल बॉय' १९९५ साली सपशेल पडला होता. तसाच २०१२ चा 'वी यू'ही पडला. तो १.३६ कोटींवर थांबला, तर त्या पिढीतला 'प्लेस्टेशन ४' ११ कोटींच्या पुढे गेला. म्हणजे आडवा विचार दर वेळी फळतोच असे नाही. अशा वेळी कंपनी तरली ती गाठीला असलेल्या पैशावर, आणि मारिओसारखे स्वतःचे खेळ इतरांच्या यंत्रांना न दिल्यामुळे. माझ्या मते हा दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, जरी तो प्रयोगशाळेत मोजता येत नसला तरी.

मग २०१७ साली 'स्विच' आला : हातात खेळा किंवा टीव्हीला जोडा. आत २०१५ सालची, टॅब्लेटसारख्या साधनांसाठी केलेली चिप. हातात असताना तिच्या चित्र काढणाऱ्या भागाची कंप्रता निम्म्याहून खाली आणत, कारण चिपेत खर्च होणारी शक्ती कंप्रतेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे यंत्र पंधरा कोटींहून अधिक खपले.

आता कसोटी 'स्विच २'ची आहे. जून २०२५ मध्ये तो आला आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाख विकला गेला. पण या वेळी निन्टेन्डोने तीच कल्पना अधिक ताकदीने आणि ४५० डॉलर किंमतीला पुढे नेली आहे. म्हणजे ती प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानाकडे थोडी सरकली आहे. त्याच वेळी प्रतिस्पर्धीही तिच्या मैदानात उतरले आहेत. हातात धरून खेळायचे संगणक विकले जात आहेत, आणि २०२५ च्या अखेरीस एक्सबॉक्सच्या नावानेही एक आला. मला वाटते, नजीकच्या काळात कंपनीला धोका नाही. मात्र याच्या पुढच्या यंत्रात नवे काही सुचले नाही, तर गेमक्यूबची पाळी पुन्हा येऊ शकते.

"मग स्विच २ मध्ये मुरलेले काहीच नाही का?" मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले. आहे. त्याचा हातातला भाग आडवा करून टेबलावर सरकवला की तो माउस होतो. मी शाळेच्या संगणकाचा माउस उलटा केला आणि त्याचा लाल दिवा मुलांना दाखवला. त्याच्या शेजारचा चिमुकला कॅमेरा टेबलाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेतो आणि लागोपाठच्या दोन चित्रांची तुलना करून आपण किती सरकलो ते ठरवतो. तास संपल्याची घंटा झाली, तरी चार-पाच मुले काच, आरसा आणि खडबडीत पुठ्ठा यांवर तो माउस फिरवून पाहत होती. आरशावर तो चालेना, आणि का चालत नाही यावर त्यांचा वाद जुंपला होता.